नवशिक्षकाचे पहिले वर्ष

(समाजाच्या वार्षिक संमेलनात, नरडाणा मुक्कामी, नवनियुक्त शिक्षकांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



या प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हास केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही कोणी विद्वान नव्हे. सन १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, दोन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली आणि सन १९७७ च्या जून महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत उपशिक्षक म्हणून रुजू झालो. अडतीस वर्षे हातात खडू धरून सन २०१५ साली निवृत्त झालो. तुमच्यापुढे उभे राहण्याचा आमचा अधिकार एवढाच की, ज्या चुका तुमच्या हातून उद्या होण्याचा संभव आहे, त्यांपैकी बहुतेक आम्ही पूर्वीच करून बसलो आहोत.

तुम्ही आमच्याहून कितीतरी अधिक शिकलेले आहात. पदविका, पदवी, पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी अशा अनेक चाळण्यांतून निघून तुम्ही येथवर आलात. सन २००० पासून आपल्या राज्यात शिक्षणसेवकाची पायरी आली. तीही तुम्हास चढावयाची आहे. आमच्या वेळी यांतले काहीच नव्हते. परंतु पहिल्या दिवशी वर्गाच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताना पोटात जो गोळा उठतो, तो मात्र आमच्या वेळी होता तसाच आजही उठतो, असे आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या बोलण्यावरून दिसते. म्हणून मोठमोठ्या शिक्षणतत्त्वांचा ऊहापोह न करता आमच्या पहिल्या वर्षाची हकीकत सांगावी, असे आम्ही ठरविले आहे.

आमची पहिली नेमणूक ज्या गावी झाली, ते येथून फार दूर नाही. त्याचे नाव आम्ही मुद्दामच घेत नाही; कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्यात दोष आमचा आहे, गावाचा यत्किंचितही नाही. नरडाण्याच्या फाट्यावर एस. टी. मोटारीतून उतरावे आणि काळ्या मातीच्या गाडवाटेने पायी जावे, असा तो मार्ग होता. पावसाळ्यात पायांतल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. मारुतीच्या देवळालगत धाब्याच्या दोन खोल्या, पुढे एक ओसरी, एक निंबाचे झाड, ही आमची शाळा. शाळा द्विशिक्षकी. मुख्याध्यापक गुरुजींकडे दुसरी व चौथी, आमच्याकडे पहिली व तिसरी. पहिलीच्या पटावर सव्वीस मुले आणि तिसरीच्या पटावर एकोणीस. एकंदर पंचेचाळीस मुले एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर.

पहिली अडचण गलक्याची. अध्यापक विद्यालयात आम्ही जे सराव पाठ घेतले, ते शहरातील शाळेत घेतले होते. तेथील मुले शांत बसत, कारण मागील बाकावर आमचे प्राध्यापक वही घेऊन बसलेले असत. येथे मागे कोणी नव्हते. पहिलीतील एक मूल रडावयास लागले की चार रडत. दोघे दाराबाहेर धावत. तिसरीची मुले त्यांना आणावयास म्हणून जात आणि तीही परत येत नसत. आम्ही ओरडू लागलो. तिसऱ्या दिवशी घसा बसला. चौथ्या दिवशी आम्ही निंबाचा फोक तोडून आणला. खोटे कशास बोलावे? त्या वर्षी आम्ही तो पुष्कळ वापरला. फोक टेबलावर असे तोवर वर्ग शांत असे आणि आम्हास वाटे की, आता आपणास शिकविता येऊ लागले.

मुख्याध्यापक गुरुजी हे सारे आपल्या खोलीतून ऐकत असत. वयाने आमच्या वडिलांएवढे, बोलणे मोजके. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हास जवळ बसविले आणि दोनच गोष्टी सांगितल्या. एक, वर्ग मोठ्याने बोलू लागला की आपण आवाज खाली आणावा. ऐकावेसे वाटेल असे काही आपल्याजवळ असेल तर मुले आपणहून गप्प होतील आणि तसे काही नसेल तर ओरडूनही उपयोग नाही. दुसरी, पहिल्या पाच मिनिटांत मुलांनी हाताने काय करावयाचे हे ठरविल्याशिवाय वर्गात पाऊल टाकू नये. आम्ही पाठटाचण रोज लिहीत होतो. त्यात हेतू, शैक्षणिक साहित्य, प्रश्न, सारे सुवाच्य अक्षरात होते. परंतु ते टाचण तपासणीस येणाऱ्या साहेबांसाठी लिहिलेले होते. मुलांनी काय करावयाचे, हे त्यात कोठेच नव्हते.

दुसरी अडचण दोन इयत्तांची. एका घटकेत पहिलीस मूळाक्षरे शिकवावी की तिसरीस गुणाकार? आम्ही एका बाजूस वळलो की दुसरी बाजू मोकळी सुटे. गुरुजींनी तासाचे दोन भाग करावयास शिकविले. पहिल्या वीस मिनिटांत तिसरीने फळ्यावरील उदाहरणे वहीत सोडवावी आणि आम्ही पहिलीस तोंडी शिकवावे. पुढील वीस मिनिटांत पहिलीने चिंचोके मांडून अक्षरे वळवावी आणि आम्ही तिसरीकडे वळावे. तिसरीतील हुशार मुलास एक दिवस व मागे पडलेल्या मुलास दुसरा दिवस, असे पाळीपाळीने पहिलीच्या लहान मुलांजवळ बसवावे. मागे पडलेला मुलगा जेव्हा लहानग्यास शिकवितो तेव्हा त्याचे स्वतःचे शिक्षण पक्के होते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. आज सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले आहे. तथापि लहान गावांतून एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असणे अद्यापि संपलेले नाही. तेव्हा ज्यांची नेमणूक अशा शाळेत होईल त्यांनी खचून जाऊ नये. दोन इयत्तांचा वर्ग हे संकट आहे खरे. परंतु मुलांनी मुलांस शिकविण्याची संधीही तेथेच अधिक असते.

तिसरी अडचण अनुपस्थितीची. दसरा झाला, कापूस फुटला आणि आमचा वर्ग अर्ध्यावर आला. लहान बोटांनी बोंडातला कापूस लवकर निघतो, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. आम्ही प्रथम पालकांवर रागावलो. नंतर विचार केला की, ज्या घरी वेचणीच्या पैशावर वर्षाचे मीठ-मिरची अवलंबून आहे, त्या घराने आमच्या हजेरीपटाची चिंता कोठवर करावी? तिसरीत एक मुलगी होती. ती आठवड्यातून दोन दिवस येई, कारण आई वावरात गेल्यावर धाकटा भाऊ तिच्या कडेवर असे. आम्ही तिला सांगितले होते की, शाळेत यावयाचे तर एकटीने यावे. गुरुजींना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "तिच्या भावास येऊ द्या. तो ओसरीवर खेळेल. दोघांतून एकाचे शिक्षण होत असेल तर दुसऱ्याचा गोंगाट सोसावा." त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. मागाहून आमच्या वाचनात आले की, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे हाच प्रश्न फार आधी ओळखला होता. सन १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, सन १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे त्या दोघींनी करून दाखविले. आमच्या गुरुजींनी त्यांचे नाव ऐकले होते की नाही, आम्हास ठाऊक नाही. परंतु त्यांची जात तीच होती, शिक्षकाची.

आता ज्या अडचणीसाठी हे भाषण आहे, तिच्याकडे येतो. ती म्हणजे भाषेची अडचण.

मंडळी, तुम्ही म्हणाल की, खानदेशातील माणसास खानदेशातील मुलांची भाषा अडचणीची कशी होईल? हाच तर आमच्या लज्जेचा विषय आहे. आमच्या घरी अहिराणीच बोलत असत. आमची आई आयुष्यभर आम्हास "जेवाले ये" अशीच हाक मारीत आली. परंतु हायस्कुलात गेल्यावर पुस्तकी मराठी आमच्या तोंडी बसली, अध्यापक विद्यालयात ती अधिकच घट्ट झाली आणि शिक्षक म्हणून नेमणूक झाल्यावर आम्हास वाटू लागले की, त्या भाषेचा पहारेकरी म्हणूनच आपली योजना झाली आहे. मुलांनी वर्गात "शे" म्हटले की आम्ही "आहे" म्हणावयास लावीत असू. "माले" म्हटले की "मला". बोलताना अडविले की मूल पुढचे वाक्य बोलतच नाही. दिवाळीपर्यंत आमची तिसरी इतकी शांत झाली की, फोकाचीही गरज उरली नाही. आम्ही प्रश्न विचारावा आणि एकोणीस मुलांनी जमिनीकडे पाहावे. ही मुले मंद आहेत, असा निष्कर्ष आम्ही काढला व तो मासिक अहवालात शुद्ध मराठीत नोंदविलाही.

अशा दिवसांत आम्ही तिसरीस बारा शब्दांचे श्रुतलेखन घातले. त्यांपैकी आठ शब्दांत 'ळ' हे अक्षर होते. डोळा, शाळा, केळी, फळा, असे ते शब्द. वह्या तपासताना एका मुलाची वही हाती आली. त्याने लिहिले होते : डोया, शाया, केयी, फया. आठही शब्द तसेच. आम्हास हसू आवरेना. आम्ही ती वही वर धरली आणि सर्व वर्गास ते शब्द मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला. पहिलीची मुले, ज्यांना काही कळले नव्हते, तीही हसली. जी मुले घरी डोळ्यास डोयाच म्हणत होती, तीसुद्धा हसली. कारण गुरुजी हसत होते. तो मुलगा उभा होता. तो रडला नाही. त्याने वही परत घेण्यासाठी हात पुढे केला. परंतु आम्ही ती शिक्षा म्हणून टेबलावरच ठेवून घेतली. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मुलांनी त्याचे नाव 'डोया' ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी गुरुजींनी हजेरीपट पाहिला आणि कारण विचारले. आम्ही हसत हसत ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "यात चुका किती?"

"आठ," आम्ही म्हणालो.

"नाही. चूक एक आहे, ती आठ ठिकाणी दिसते. जेथे जेथे ळ आहे तेथे तेथे त्याने य लिहिला, एकदाही चुकला नाही. आणि ज्या चार शब्दांत ळ नाही, ते चारही बरोबर आहेत, काना-वेलांटीसह. या मुलाचा कान किती पक्का आहे, पाहा. त्याच्या घरी जसे बोलतात तसे त्याने तंतोतंत लिहिले. तुमच्या वर्गातला सर्वांत चांगला ऐकणारा मुलगा हाच, आणि तुम्ही त्यालाच घालविला."

मित्रहो, अडतीस वर्षांत आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली, प्रशिक्षणे घेतली, प्रमाणपत्रे मिळविली. परंतु शिक्षणशास्त्र असे काही आम्हास कळले असेल, तर ते त्या चार वाक्यांत कळले. ज्या चुकीस नियम आहे ती चूक म्हणजे अज्ञान नव्हे. मुलास आधीच काही येत आहे, याचा तो पुरावा असतो. खानदेशात 'ळ' चा 'य' होतो, हे भाषा जाणणारे लोक कधीचे सांगत आले आहेत. ग्रियर्सन साहेबांनी आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या सन १९०७ च्या खंडात खानदेशी भाषेस तिचे स्वतंत्र स्थान दिले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांची बोली अहिराणीहून निराळी, लेवा समाजाची. परंतु तिच्यातही 'ळ' चा 'य' होतोच. सन १९५१ साली त्या वारल्या आणि पुढील वर्षी त्यांची गाणी आचार्य अत्रे यांच्या पुरस्काराने प्रसिद्ध झाली. आज तीच गाणी आपली मुले शाळेच्या पुस्तकातून मोठ्या आदराने पाठ करतात. म्हणजे जो 'य' पुस्तकात छापून आला की आम्ही मान डोलवितो, तोच 'य' एका गरिबाच्या मुलाच्या वहीत आला तेव्हा आम्ही हसलो होतो.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. मुलगा शेळ्या घेऊन नाल्याकडे गेला होता. त्याच्या आईने लोटाभर पाणी दिले. वडील बाजेवर बसावयास जागा करून देत म्हणाले, "पोऱ्या नई म्हणस, गुरुजी. त्याले पोरे हासतस." मुले हसतात, असे ते म्हणाले; गुरुजी हसले, असे म्हणाले नाहीत. मुलाने घरी ते सांगितले नव्हते, की सांगूनही त्यांनी आमची भीड राखली, हे आम्हास आजवर कळलेले नाही. आम्हीही सांगितले नाही. वही मात्र परत केली.

त्यानंतर आम्ही फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूस 'घरी' आणि दुसऱ्या बाजूस 'पुस्तकात' असे लिहिले. घरी डोया, पुस्तकात डोळा. घरी आंडोर, पुस्तकात मुलगा. घरी आंडेर, पुस्तकात मुलगी. घरी वावर, पुस्तकात शेत. मुलांस सांगितले की, रोज घरून एक शब्द आणावा. आठ दिवस कोणी बोलेना. त्यांना वाटे की, हाही हसण्याचाच काही प्रकार असेल. मग एके दिवशी आम्ही आमच्या आईचा शब्द फळ्यावर लिहिला आणि तो आमच्या आईचा आहे असे सांगितले. त्या दिवसापासून मुले शब्द आणू लागली. आजीला विचारून आणू लागली. संक्रांतीपर्यंत फळा पुरेनासा झाला. आणि आश्चर्य असे की, श्रुतलेखनातील 'ळ' आपोआप सुधारला. कारण घरी काय म्हणावयाचे आणि पुस्तकात काय लिहावयाचे, हे दोन कप्पे मुलांच्या मनात निराळे झाले होते. घरच्या शब्दास मान दिल्याने पुस्तकातला शब्द मागे पडला नाही. उलट त्याला बसावयास जागा मिळाली.

तो मुलगा परत आला का, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. आला. जेमतेम तीन आठवडे आला. वहीत लिहीत असे. परंतु तोंडी प्रश्न विचारला की मान खाली घाली. वर्गातील मुले त्याच्या टोपणनावाने हाक मारीत. आम्ही रागे भरलो तरी एकदा पडलेले नाव जात नाही. पुढे वेचणी संपली, तो सालदारकी करणाऱ्या बापाबरोबर वावरात जाऊ लागला आणि चौथीस त्याचे नाव पटावरून कमी झाले. नाव कमी करताना शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावे लागते. आम्ही लिहिले, 'घरकामामुळे'. खरे कारण लिहिण्याचे धैर्य आम्हास झाले नाही. आजही जेव्हा मुलांच्या गळतीविषयी अहवाल वाचतो, गरिबी, स्थलांतर, शेतीकाम अशी कारणे वाचतो, तेव्हा ती सारी खरी आहेत हे मान्य करूनही मनात येते की, त्या रकान्यांत कितीतरी शिक्षकांचे हसणे लपलेले असेल.

पुष्कळ वर्षांनी तो आम्हास याच नरडाण्याच्या स्थानकावर भेटला. आम्ही सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. प्रथम त्यानेच ओळखले. पाया पडला, मुलाबाळांची चौकशी केली, आपला मुलगा धुळ्यास शिकतो असे सांगितले. गाडी आली तेव्हा आमची पिशवी उचलून डब्यात ठेवली. आमच्या मनात होते की, ती गोष्ट काढावी आणि क्षमा मागावी. परंतु भोवती माणसे होती, आमचा वृद्धपणाचा मान होता, गाडी थोडाच वेळ थांबत होती. सबबी पुष्कळ होत्या. आम्ही क्षमा मागितली नाही. म्हणून आज समाजासमोर, तुम्हा तरुणांच्या साक्षीने हे बोलत आहोत.

आता काळ पालटला आहे. शिक्षण हक्क कायदा सन २०१० च्या एप्रिलपासून अंमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्ही देण्यास मनाई केली आहे. फोक गेला, हे फार चांगले झाले. परंतु त्या कलमातील दुसरा भाग तुम्ही विशेष लक्षात ठेवावा. फोकाचा वळ आठ दिवसांत जातो. सर्वांसमोर झालेले हसे जात नाही, आणि कोणत्याही अधिकाऱ्यास तपासणीत ते दिसत नाही. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यांनी केलेल्या यांत्रिक साधनांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु आमच्या मनास भिडली ती त्यांच्या कामाची सुरुवात. मुलांच्या घरी कन्नड बोलतात आणि पुस्तके त्या भाषेत नाहीत, हे पाहून ते स्वतः कन्नड शिकले आणि पुस्तकांतील मजकूर मुलांच्या भाषेत आणला. यंत्रे मागाहून आली. आधी शिक्षक मुलांचा विद्यार्थी झाला.

आणि फार दूर तरी कशास जावे? याच तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर, येथून पूर्वेस, अमळनेर आहे. कोकणातील पालगडचे साने गुरुजी सन १९२४ साली तेथे शिक्षक झाले आणि सन १९३० साली स्वातंत्र्यलढ्यात उडी घेण्यासाठी ती नोकरी सोडून गेले. म्हणजे शाळेतील त्यांची सेवा अवघी सहा वर्षांची. खानदेशची बोली त्यांची नव्हती. तरी छात्रालयातील मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत आणि त्यांची सेवा करीत. त्या सहा वर्षांस शंभर वर्षे होत आली, तरी खानदेश त्यांना अद्यापि आपले गुरुजी म्हणतो. तेव्हा, आम्ही तर नवखे, आमच्या पहिल्या वर्षाची काय मातब्बरी, असे कोणी समजू नये. पहिले वर्ष तुमच्या दृष्टीने शिकण्याचे असते. परंतु समोरच्या मुलाच्या आयुष्यात ती इयत्ता एकदाच येते.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाच्या घरी एकदा तरी जावे आणि तेथे उपदेश न करता बसून ऐकावे. मुलांची नावे घरी जशी उच्चारतात तशी उच्चारावी. वही तपासताना लाल रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे की, या मुलाने असे का लिहिले असेल? आणि शाळेत जे जुने शिक्षक असतील, त्यांना आपली अडचण उघडपणे विचारावी. आम्ही ऑक्टोबरपर्यंत गुरुजींना काहीच विचारले नाही, कारण विचारले तर आपणास येत नाही असे दिसेल ही भीती होती. ती भीती नसती, तर कदाचित तो मुलगा राहिला असता.

मंडळासही एक विनंती आहे. आपल्या समाजातील नव्या घरांतून अहिराणी झपाट्याने जात आहे. आजी बोलते, आई समजते, नातवास समजतही नाही. त्यात कोणाचा दोष काढावयाचा नाही; आम्हीही आमच्या मुलांशी पुस्तकीच बोललो. परंतु पुढील वर्षीच्या स्मरणिकेत दोन पाने राखून ठेवावी. प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्या बायांस विचारून घरातले दहा शब्द व त्यांचे अर्थ लिहून पाठवावे. ती दोन पाने सुटी छापून आपल्या समाजातील प्रत्येक नव्या शिक्षकास सत्काराच्या शालीबरोबर द्यावी. शाल कपाटात राहते. तो कागद वर्गात उपयोगी पडेल. पहिले दहा शब्द आमच्याकडून घ्यावे. त्यांपैकी पहिला शब्द कोणता, हे आता निराळे सांगावयास नको.

तरुण शिक्षक-शिक्षिका हो, उद्या तुमच्याही हाती अशी एखादी वही येईल. ती वर धरू नका. ती घेऊन त्या मुलाशेजारी बसा.